टू-व्हील पिकअपला घरच्या घरी फोर-व्हील करता येईल का? (मेढा-बामणोली पट्टा)

डोंगरउतार (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. जावळी तालुक्यात मेढ्याच्या वर, बामणोलीच्या अंगाला आमची वस्ती. घरात दुभती जनावरं, थोडं भात, थोडी नाचणी. दूध रोज पहाटे खालच्या डांबरीपर्यंत न्यायचं असतं, तेही भर पावसात. गाडी जुनी बोलेरो पिकअप, टू बाय, म्हणजे इंजिनचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना. पुढं पाटेच (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, इंडिपेंडंट सस्पेन्शन नाही. इंजिन ठणठणीत.

वस्ती ते डांबरी एवढ्यात एकच चढ वाईट आहे. आर्द्रा लागल्या की गणपतीपर्यंत तिथली तांबडी माती साबणासारखी होते. भरलेले कॅन घेऊन उतरताना गाडी घसरत का होईना, खाली पोचते. रिकामे कॅन घेऊन वर येताना मात्र मागचं डावं चाक जागेवर भुंग्यासारखं फिरत बसतं आणि उजवं गप्प. मग शेजारचा ट्रॅक्टर, दोरखंड आणि त्याचे टोमणे.

चुलतभाऊ साताऱ्याच्या एमआयडीसीत फिटर आहे. घरी वेल्डिंग मशिन, चेन पुली, घोड्या, गॅस कटर सगळं आहे. त्याचं म्हणणं, भंगारातून फोर बायचा पुढचा गोळा (दोन चाकांना जोर वाटणारा डिफरन्शियल, अॅक्सलसकट) आणि ट्रान्सफर केस (इंजिनचा जोर पुढं-मागं वाटणारी पेटी) आणू, दिवाळीनंतर उघडून बसू, मे महिन्याच्या आत गाडी उभी करू. हे खरंच होतं का? कुणी स्वतः केलंय का? खर्चापेक्षा कुठं अडकायला होईल ते आधी कळलं तर बरं.

खडखड

वाचनखूण साठवली. आमच्या पाटणकडंपण हाच रडा आहे.

लेथवाला (कुपवाड)

होतं. पण भाऊ म्हणतात तसं "गोळा आणि ट्रान्सफर केस" एवढ्यावर होत नाही. गोळा बसवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. जुळवणं अवघड. मी सांगलीकडं जीपगाड्यांची अशी कामं बघितलीत, काहींचे शाफ्ट माझ्याच लेथवर कापलेत. तेव्हा पाल्हाळ लागला तरी लिहितो.

पहिली गोष्ट रेशो. पुढच्या आणि मागच्या गोळ्याचा क्राऊन-पिनियनचा, म्हणजे आतल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांचा, रेशो एकच पाहिजे. महिंद्राच्या जुन्या जीपला ५.३८ होता, म्हणजे ४३ दाताचा क्राऊन आणि ८ दाताचा पिनियन. नंतरच्या गाड्यांत ४.८८, ४.५६, ४.२७, ३.७३ असे कितीतरी आले. भंगारवाला "बोलेरोचाच आहे" म्हणेल, त्यावर जाऊ नका. समजा तुमचा मागचा ४.५६ आणि आणलेला पुढचा ४.८८, तर फरक सात टक्के. मागचा शाफ्ट १०० फेरे फिरेल तेव्हा पुढच्याला १०७ फिरायचं असतं. ट्रान्सफर केसमध्ये दोन्ही एकमेकांना बांधलेले, मग जाणार कुठं? चिखलात चाक घसरून भागतं. कातळावर आलात की क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) तुटेल, नाहीतर केसचे दात जातील.

तुमचा रेशो घरीच मोजा. मागची दोन्ही चाकं घोडीवर घ्या, पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. प्रोपेलर शाफ्टवर (गोळ्याकडं जोर नेणाऱ्या लांब दांड्यावर) आणि टायरवर खडूची खूण करा. दोन्ही चाकं सोबत एक पूर्ण फेरा फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. मदतीला माणूस नसेल तर एक चाक टेकलेलं राहू द्या आणि दुसरं दोन फेरे फिरवा, आकडा तोच येतो. नक्की पाहिजे असेल तर दहापट फेरे फिरवून भागा. भंगारातल्या गोळ्याचं झाकण उघडून दात मोजणं तर त्याहून सोपं.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्स. टू बायच्या गिअरबॉक्सची शेपटी लांब असते, मेन शाफ्ट थेट प्रोपेलरला जातो. फोर बायचा मेन शाफ्ट वेगळा, त्याच्या टोकावरच्या स्प्लाइन (उभ्या खाचा) ट्रान्सफर केसमध्ये शिरतात. म्हणजे एकतर त्याच मॉडेलचा फोर बाय गिअरबॉक्स केससकट आणायचा, नाहीतर तुमचा बॉक्स उघडून मेन शाफ्ट आणि मागचं हौसिंग बदलायचं. तिसरा मार्ग म्हणजे केस गिअरबॉक्सला न चिकटवता मागं वेगळ्या क्रॉस मेंबरवर (चासीच्या आडव्या पट्टीवर) टांगायची आणि मधे छोटा शाफ्ट द्यायचा. पिकअप लांब असते, तिचा प्रोपेलर दोन तुकड्यांत असतो आणि मधे सेंटर बेअरिंग. साधारण त्या बेअरिंगच्या आसपास केस बसू शकते. गिअरबॉक्स उघडावा लागत नाही हा मोठा फायदा. तोटा हा की पुढं जाणारा शाफ्ट लांबलचक होतो आणि सायलेन्सरचा पाइप, टाकी, कुठलं तरी काहीतरी वाटेत येतं.

बाकीचं संध्याकाळी लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आलंय.

वडाप_८८

लेथवाले, लिहा लिहा. तोवर माझी अवांतर भर. आमच्या कराड-पाटण वडापला (माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपांच्या धंद्याला) एके काळी कमांडर आणि ट्रॅक्सच असायच्या. बाहेरच्या पाहुण्याला जीप दिसली की वाटायचं फोर बाय असणार. बहुतेकांच्या पुढं नुसता अॅक्सल, ड्राइव्ह कशाला लागतेय? मागं-पुढं-टपावर माणसं भरली की मागच्या चाकांवर एवढं वजन यायचं की घाटात चाक घसरायचं नाव नाही. रिकामी गाडी मात्र परड्यातल्या शेणातपण अडकायची.

डोंगरउतार

लेथवालेदादा, दंडवत. भाऊ विचारतोय, मागचाच आणखी एक गोळा आणून उलटा फिरवून पुढं लावला तर? रेशो आपोआप जुळेल. चाकं उलटी तर फिरणार नाहीत ना?

लेथवाला (कुपवाड)

चाकं उलटी फिरत नाहीत. हौसिंग उभ्या आसाभोवती अर्धा फेरा फिरवलं, पिनियनचं तोंड मागं केलं, तर शाफ्ट त्याच दिशेनं फिरताना चाकंही पुढंच जातात. दातांची मात्र उलटी बाजू भार घेते, म्हणजे गाडी रिव्हर्सला जोर लावताना जी घेते ती. बऱ्याच फोर बायमध्ये पुढचा गोळा असाच चालतो. पण भावाला विचारा, चाकं वळवणार कशी? मागच्या हौसिंगला नकल (चाक वळवणारा सांधा) नाही, ती जिच्यावर फिरते ती किंग पिन नाही, हाफ शाफ्टला जॉइंट नाही. ते सगळं घरी बनवायचं म्हणजे महिंद्राचा एक विभागच वस्तीवर काढावा लागेल. पुढचा गोळा पुढचाच आणा.

आणि आणताना गोळा कुठल्या बाजूला आहे ते बघा. पुढचा गोळा मधोमध नसतो, एका अंगाला असतो. ट्रान्सफर केसचं पुढचं तोंडही त्याच अंगाला पाहिजे, नाहीतर शाफ्ट चेंबरखालून (इंजिनच्या ऑइलच्या तळपात्राखालून) तिरका न्यावा लागेल आणि तो जाणार नाही.

नियमावर_बोट

रसभंग करतो, माफी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्याने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ(४) सांगतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सीएनजी किटसारखं मान्यताप्राप्त किट असतं तिथे परवानगीची वाट आहे. भंगारातून जमवलेल्या गोळ्याला ती वाट नाही.

दंडापेक्षा विमा वाईट. उतारावर गाडी कुणाच्या अंगावर गेली आणि सर्व्हेअरनं खाली वाकून बघितलं, की क्लेम तिथेच लटकला.

खडखड

अहो बोटकाका, डोंगरात कोण वाकून बघतंय? अर्ध्या जिल्ह्याच्या जीपांना इंजिनं ट्रॅक्टरची असतील.

नियमावर_बोट

अपघात झाला की सगळे वाकतात. तोवर कुणी नाही, हे मान्य.

डोंगरउतार

गाडी नव्वद टक्के आमच्या रानातच फिरते, पण डांबरी लागतेच. डेअरीचं संकलन डांबरीवर आहे. त्यामुळं बोटकाकांचा मुद्दा उडवून लावत नाही.

विट्याचा_मिनेसोटात

मूळचा विट्याचा, सध्या मुक्काम मिनेसोटा. योगायोग असा की ज्याला तुम्ही "घरी फोर बाय" म्हणताय तो धंदा इथंच जोरात चालला होता. मिनीॲपोलिसच्या नॉर्थवेस्टर्न ऑटो पार्ट्स कंपनीचं, म्हणजे नॅप्कोचं किट यायचं, शेवरोले आणि जीएमसीच्या ट्रकसाठी. जाहिरातीत दावा असा की चासीला चारच भोकं पाडायची आणि तीन तासांत ट्रक फोर बाय. १९५६-५७च्या सुमाराला तर कंपन्यांनीच ते फॅक्टरीतून द्यायला सुरुवात केली. त्याआधी १९३०च्या दशकात इंडियानापोलिसची मार्मन-हेरिंग्टन फोर्डच्या ट्रकना हेच करून द्यायची.

लेथवाल्यांनी लिहिलेला तिसरा मार्ग वाचून हसू आलं, कारण नॅप्कोचा मार्ग तोच: ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, मधे छोटा शाफ्ट. पुढच्या गोळ्यात आतला संच जीएमचाच बसायचा, त्यामुळं रेशोची कटकट नाही. पण तीन तास लागायचे ते किटमधला प्रत्येक कंस, प्रत्येक शाफ्ट त्या ट्रकच्या मापाचा बनवून आलेला असायचा म्हणून. जुळवणी कारखान्यात आधीच झालेली. तुमच्याकडं ती भावाच्या डोक्यात व्हायचीय.

आजही इथं लोक करतात. त्याच मॉडेलची ठोकर खाल्लेली फोर बाय विकत घ्यायची आणि सगळं सामान तिच्यातून घ्यायचं. सुटं सामान गोळा करणारे बहुतेक मधेच सोडतात. अंगणात दोन-दोन वर्षं ठोकळ्यांवर उभे असलेले ट्रक मी बघतो.

रानवाटा (शिराळा)

मी मेकॅनिक नाही, शेतकरी आहे, पण चिखल मलाही कळतो. वारणेकाठचं काळं रान आणि वरची चांदोलीकडची तांबडी माती, दोन्हीत पिकअप चालवते.

दादा, तुम्ही लिहिलंय की एक चाक फिरतं आणि दुसरं गप्प. म्हणजे तुमच्या मागच्या दोन चाकांपैकीसुद्धा एकच काम करतंय. साधा गोळा दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एका चाकाखाली पकड नसली की त्याला जेवढा थोडासा जोर पुरतो तेवढाच दुसऱ्याला मिळतो. चारचं काय घेऊन बसलात, आधी दोन तर चालू द्या.

त्यामुळं मी तीन गोष्टी आधी करीन. येताना हौद्यात मागच्या अॅक्सलच्या वर वाळूची पोती टाका, चांगली बांधून. तुम्हीच लिहिलंय की चढावर अडकते ती रिकामी गाडी. दुसरं, मागचे टायर खोल नक्षीचे घ्या आणि तेवढ्या चढापुरती हवा कमी ठेवा, डांबरीवर लागायच्या आधी भरा. तिसरं, लॉकिंग डिफरन्शियल मिळतो का बघा. एक चाक फार जोरात फिरायला लागलं की आपोआप लॉक होणारा महिंद्राने थारमध्ये दिला, बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमध्येही आहे. तुमच्या गोळ्यात बसणारा मिळाला तर पुढचं काही उघडायलाच नको.

आणि खरं सांगू? वाईट चढ एकच आहे ना? त्याच्या चाकोरीला जांभ्याचे दोन पट्टे टाका. तुमच्याकडं जांभ्याला काय तोटा? गाडी बदलण्यापेक्षा वाट बदला.

वडाप_८८

ताई, +१. गाडी बदलण्यापेक्षा वाट बदला हे टपरीवर लिहून लावतो.

डोंगरउतार

रानवाटाताई, वाळूची पोती उद्यापासून चालू. पट्ट्यांचं मात्र अवघड आहे. तो चढ भावकीच्या रानातून जातो. चुलत आजोबांच्या वेळचा शब्द आहे की गाडी-बैल जाऊ द्यायचे, पण दगड टाकला की वाट कायमची होईल अशी त्यांना भीती. मागं नुसता मुरूम टाकला तर रात्रीत उपसून बांधाला लावला होता.

नियमावर_बोट

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. शेतात जायला रास्त वाट नसेल तर बांधावरून रस्ता मिळावा म्हणून तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. मेढ्यालाच तहसील आहे. तहसीलदार पाहणी करून ठरवतात.

डोंगरउतार

काका, माहितीय. पण अर्ज केला की लग्नकार्यातलं बोलावणंही बंद. आई म्हणते, त्यापेक्षा डोक्यावर कॅन वाहू.

काससखी

एक विनंती, धाग्याच्या विषयाला लागूनच. बामणोलीच्या अंगाला आहात म्हणजे कासचा सडा (कातळी पठार) दूर नाही. फोर बाय झालेल्या गाड्या "बघू कशी चढते" म्हणून सड्यावर घालणारे हौशी दर पावसाळ्यात निघतात. तिथं कातळावर मातीचा पापुद्रा बोटभर, फुलं त्याच्यावर. एकदा चाकोरी पडली की वर्षानुवर्षं बुजत नाही. २०१२ पासून कास जागतिक वारशाच्या यादीत आहे. धागाकर्त्यांना नाही, वाचणाऱ्यांना सांगतेय. दुधाच्या गाडीला माझ्या शुभेच्छाच.

लेथवाला (कुपवाड)

संध्याकाळी म्हटलं आणि दोन दिवस गेले. राहिलेलं लिहितो, कारण नव्वद टक्के लोक इथंच अडकतात आणि याबद्दल कुणी बोलत नाही.

तुमच्या गाडीला आत्ता पुढं जो मुका (ड्राइव्ह नसलेला) अॅक्सल आहे, तो मधे खाली वाकलेला असतो. इंजिनचा चेंबर त्याच्यावर आरामात बसतो. चालणाऱ्या अॅक्सलला असा वाक नसतो, उलट गोळ्याचा फुगवटा असतो. खड्ड्यात पाटे दबले की हा फुगवटा वर येणार. चेंबर आणि गोळ्यात जागा नसली तर एक दिवस चेंबर फुटणार, ऑइल खाली. म्हणून लोक पाट्यांखाली ठोकळे घालून नाहीतर जाड पाटे टाकून गाडी वर उचलतात.

गाडी उचलली की तीन भानगडी सुरू होतात. ब्रेकचे होज ओढले जातात, ते लांब घ्यावे लागतात. स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक (चाकं वळवणारा दांडा) तिरका होतो, मग खड्ड्यात चाक वर-खाली झालं की स्टिअरिंग आपोआप वळायला बघतं. आणि पुढच्या प्रोपेलरचा कोन वाढतो.

आता हा कोन. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे पाहिजेत आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत. नाहीतर प्रत्येक फेऱ्यात शाफ्ट दोनदा वेग कमी-जास्त करतो आणि गाडी थरथरते. पिनियनचा कोन जुळवायला लोक काय करतात, पाट्याच्या बैठकीखाली पाचर घालून अख्खा अॅक्सल फिरवतात. पिनियनचं तोंड वर आलं, कोन जुळला, टाळ्या. पण हा पुढचा अॅक्सल आहे! तो फिरला की किंग पिनचा कॅस्टरही, म्हणजे तिचा कलही, फिरला. किंग पिनचा वरचा भाग थोडा मागं कललेला असतो म्हणून वळण संपलं की स्टिअरिंग स्वतः सरळ होतं. पाचर घालून तो पुढं कलला की स्टिअरिंग परत येत नाही, साठच्या वेगाला गाडी रस्ताभर हिंडते. म्हणजे पिनियन सुधारावा तर स्टिअरिंग बिघडतं आणि स्टिअरिंग सुधारावं तर शाफ्ट थरथरतो. उपाय आहे: नकलची टोकं कापून, कोन बदलून परत वेल्ड करायची. ते घरच्या वेल्डिंग मशिनवर करू नका. तिथला जोड सुटला तर चाक बाजूला पडतं.

शाफ्ट कापून छोटा केला की बॅलन्सिंग मशिनवर घ्यायचाच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतं, आमच्याकडंही होतं. नुसतं डोळ्यानं सरळ दिसतंय यावर कुणी जाऊ नये.

हब शक्यतो फ्री-व्हीलिंग, म्हणजे चाकं शाफ्टपासून सोडवता येणारे, बघा. सुटे केले की डांबरीवर पुढचा गोळा, शाफ्ट सगळं शांत राहतं. आणि डांबरीवर फोर बाय टाकायची नाही हे घरातल्या प्रत्येक ड्रायव्हरला बजावा. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. मधे डिफरन्शियल नसलेल्या केसमध्ये तो फरक कुठं जिरत नाही, सगळं आवळत जातं आणि मग लिव्हरही निघत नाही.

एवढं सगळं सांगून, फायदा काय? मला विचाराल तर चार चाकांपेक्षा लो रेंजचा, म्हणजे ट्रान्सफर केसमधल्या हळू गिअरचा. जुन्या जीपच्या केसला लो २.४६ चा होता, म्हणजे पहिला गिअर जवळजवळ अडीचपट हळू. भरलेले कॅन घेऊन उतरताना ब्रेकला हात न लावता गाडी चालत खाली येते, तेही चारही चाकांवर इंजिनचा रोध घेऊन. तुमच्या चढापेक्षा तुमच्या उताराला त्याची जास्त गरज आहे असं मला वाटतं.

खडखड

कॅस्टरचं आज पहिल्यांदा डोक्यात शिरलं. आमच्या गावात एक जीप अशीच हिंडते, लोक ड्रायव्हरला दोष देतात.

घिसाडी (कोल्हापूर)

धागा पूर्ण वाचला. लेथवाल्यांचं सगळं बरोबर, बोटकाकांचंही बरोबर, आणि तुमच्या उताराची गरजही खरी. मग उलटं का करत नाही?

महिंद्राने बोलेरो पिकअप आणि कॅम्पर (मागं जादा सीट असलेली पिकअप) फॅक्टरीतूनच फोर बाय विकल्यात. जंगल खातं, धरणांची कामं, पवनचक्क्यांचे ठेकेदार यांच्याकडं वापरलेल्या असतात आणि लिलावात, सेकंड हँड बाजारात येतात. हौदा सडलेला, केबिन पिचलेली, रंग गेलेला, म्हणून स्वस्त. तुम्ही तिच्यातून गोळा काढून तुमच्या गाडीत घालणार. त्यापेक्षा तुमचा चांगला हौदा काढून तिच्यावर चढवा! चासी तिची, आरसी तिची, फोर बाय कंपनीची. रेशो जुळलेला, कोन जुळलेले, कॅस्टर कंपनीने ठरवलेला. हौदा म्हणजे बोल्टचं काम, भावाच्या चेन पुलीला एका दिवसाचं. तिचं इंजिन गेलेलं असेल तर तुमचं चढवा. त्याच मेकचं, त्याच जातीचं इंजिन आरटीओच्या परवानगीनं बदलता येतं, त्याची आरसीवर नोंद होते. बोटकाका, चुकत असेन तर सांगा.

नियमावर_बोट

चुकत नाही. परवानगी आधी, काम नंतर, एवढं लक्षात ठेवा. आणि चढवलेल्या इंजिनाची कागदपत्रं लागतील. तुमच्याच गाडीचं असल्यामुळे ती आहेतच.

विट्याचा_मिनेसोटात

इथले जुने जाणतेही शेवटी याच सल्ल्यावर येतात. घिसाडी, सलाम.

रानवाटा (शिराळा)

हे पटलं. पोती तरी टाकत राहा, फोर बाय झाली म्हणून रिकामा हौदा जड होत नाही.

डोंगरउतार

मंडळी, चार दिवस वस्तीवर रेंज नव्हती. भाऊ आधी जरा हिरमुसला, त्याला गोळ्याचं वेल्डिंग करायचंच होतं. पण कॅस्टरचं वाचून दाखवल्यावर गप्प झाला. पोत्यांनी फरक पडलाय. परवा पहिल्यांदाच ट्रॅक्टरवाल्याला हाक मारावी लागली नाही. उताराची भीती मात्र तशीच आहे, तिथं लेथवालेदादा म्हणतात ते खरं.

भावाच्या ओळखीनं कराडच्या बाजूला एक फोर बाय कॅम्पर बघायला मिळतेय. एमएच ५० पासिंग. हौदा पत्र्यासकट गेलाय, इंजिन चालू आहे म्हणतात. कॅम्परची मागची सीट आम्हाला नको, पण बाकीचं बघून घेऊ म्हणतो. रविवारी जातोय. जाताना काय काय तपासू?

लेथवाला (कुपवाड)

चारही चाकं उचलता आली तर उत्तम, नाहीतर आधी पुढची, मग मागची. हब लॉक करून पुढची दोन्ही चाकं सोबत हातानं फिरवा, पुढचा शाफ्ट फिरायला पाहिजे. एकच चाक फिरवलं तर दुसरं उलटं फिरेल, तो साध्या गोळ्याचा धर्म आहे. कटकट आवाज आला तर जॉइंट गेलाय. पुढच्या गोळ्याचा ड्रेन नट काढून ऑइल बोटावर घ्या. चकाकी दिसली तर क्राऊन-पिनियन झिजलाय, दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. पुढचे सील बघा, नकलच्या मागं तेलाचे ओघळ नकोत.

मग रानात, डांबरीवर नाही, गाडी फोर हायला टाका, फोर लोला टाका, परत काढा. लो चा लिव्हर वर्षानुवर्षं न वापरल्यानं जाम असतो. थोडा घट्ट असला तर चालेल, हललाच नाही तर पैसे कमी करून मागा. आणि पुढचा-मागचा रेशो दातावरून नाहीतर खडूनं मोजाच. आधीच्या मालकानं एखादा गोळा बदलला असू शकतो. चारही टायर एकाच मापाचे आहेत ना तेही बघा.

घिसाडी (कोल्हापूर)

हौदा बसवायच्या आधी बोल्टच्या जागांची मापं दोन्ही चासींवर घ्या. कॅम्परची केबिन लांब असते, हौदा आखूड. तुमचा पिकअपचा हौदा तसाच्या तसा बसणार नाही, पुढून कापून फाळका परत जोडावा लागेल. भावाला वेल्डिंग करायचंच आहे ना? ते इथं करू द्या, पोटभर.

नियमावर_बोट

चासी नंबर आरसीशी स्वतः वाचून जुळवा, फोटोवर भागवू नका. बँकेचा बोजा उतरलाय का, कर आणि फिटनेस कुठवर आहे ते बघा. नंबर खरवडलेला किंवा परत ठोकलेला वाटला तर चहा पिऊन परत या.

डोंगरउतार

लिहून घेतलं सगळं. खडू खिशात.

माणदेशी (आटपाडी)

दादा, सौदा झाला तर तुमची टू बाय विकणार का? आमच्याकडं चिखलच नाही, फोर बायचं लोणचं घालायचं का? कॅम्परचा सडका हौदा तिच्यावर टाकून दिलात तरी चालेल, डाळिंबाचे क्रेटच न्यायचेत. किंमत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.